कन्सोल केबलपासून नोंद बंद होईपर्यंत : स्विच कॉन्फिगर करण्याचा एक अनुभव

आमच्या कार्यालयातील जुने नेटवर्क स्विच, म्हणजे संगणकांच्या केबली एकत्र जोडणारी यंत्रे, काढून नवे बसवणे आणि एकाच सपाट नेटवर्कची वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवरच्या पण एकमेकांपासून वेगळ्या नेटवर्कांमध्ये, विभागणी करणे, हे काम जुलैच्या सुरुवातीला माझ्याकडे आले आणि सप्टेंबरच्या मध्यावर संपले. माझे रोजचे काम सर्व्हर आणि बॅकअप सांभाळण्याचे. स्विचशी संबंध आलाच तर दिवे लागले आहेत की नाहीत एवढे पाहण्यापुरता. ज्यांच्याकडे हे काम होते ते सहकारी दुसरीकडे गेले आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही. असे काम अचानक अंगावर आलेल्यांना पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज यावा, म्हणून सारे क्रमाने लिहीत आहे. आमचे स्विच सिस्कोच्या कॅटॅलिस्ट मालिकेतील असल्याने येथील कमांड आयओएस या सिस्कोच्या प्रणालीच्या आहेत. इतर कंपन्यांच्या स्विचवर शब्द बदलतात, कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

पहिला टप्पा अर्जाचा होता. चालू यंत्रणेत कोणताही फेरफार करायचा तर आमच्याकडे बदल-विनंती भरावी लागते आणि ती दर आठवड्याला बसणाऱ्या समितीसमोर जाते. बदलाचे स्वरूप, कारण, बाधित होणारे विभाग, लागणारा वेळ, चाचणीची पद्धत आणि बदल मागे घेण्याची योजना असे त्यात रकाने असतात. शेवटच्या रकान्यावर समिती अडून बसली. जुनी स्थिती परत आणायची झाल्यास ती कोण आणणार, कोणत्या फाइलवरून आणणार, आणि किती वाजेपर्यंत प्रयत्न करून मग माघार घेणार, याची उत्तरे मागत अर्ज परत आला. तेव्हा हा कागदी हट्ट वाटला आणि रागही आला; पण माघारीची वेळ आधीच लिहिलेली असणे रात्री दोन वाजता किती कामी येते हे पुढे कळले, कारण त्या वेळी 'आणखी एकदा पाहू' हा मोह आवरत नाही. दुरुस्त अर्ज मंजूर होईपर्यंत पंधरवडा उलटला. स्विच आणि देखभाल करार यांच्या खर्चाला आधीच मान्यता होती. वेगळी खरेदी लागली ती फक्त कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडून कमांड देण्याची केबल) आणि तिच्यासाठीच्या यूएसबी अडॅप्टरची, आणि इतक्या किरकोळ वस्तूंनाही स्वतंत्र मागणीपत्र लागले. ते मागणीपत्र पहिल्याच दिवशी द्यावे. स्विचमध्ये शिरण्याचे इतर मार्ग बंद असतील तर या केबलवाचून पान हलत नाही.

कन्सोलची जोडणी सोपी आहे, मात्र पहिल्यांदा करणाऱ्याला कोरा पडदा दिसतो आणि धीर सुटतो. टर्मिनलच्या प्रोग्रॅममध्ये वेग ९६०० बॉड, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १ आणि फ्लो कंट्रोल बंद, एवढे जुळवून एंटर दाबले की प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहिण्याची जागा दाखवणारे चिन्ह, उमटतो. वेग जुळत नसेल तर पडद्यावर असंबद्ध चिन्हे दिसतात; हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिला असेल तर स्विचकडून येणारा मजकूर दिसतो, पण आपण टाइप केलेले तिकडे पोहोचत नाही. ही दोन लक्षणे लक्षात ठेवली तर केबलला दोष देण्यात वेळ जात नाही.

पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात ठेवलेले होते आणि लिफाफा उघडण्यासाठी दोन अधिकाऱ्यांच्या सह्या लागल्या. त्यांपैकी एका स्विचचा पासवर्ड लागलाच नाही. अशा वेळी पासवर्ड पुनर्प्राप्तीची जी पद्धत आहे तिच्यात स्विच बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, म्हणजे त्यावरील सर्वांचे काम थांबते. म्हणून तिच्यासाठी वेगळी परवानगी घेऊन कार्यालय सुटल्यावर हे केले. पुढच्या बाजूचे मोड बटण दाबून ठेवून वीज द्यायची, 'फ्लॅश इनिट' ने फ्लॅश ही स्विचची कायमची साठवण सुरू करायची, 'कॉन्फिग.टेक्स्ट' या कॉन्फिगरेशनच्या (सेटिंगच्या) फाइलचे नाव बदलायचे आणि 'बूट' म्हणायचे. कॉन्फिगरेशन सापडत नसल्याने स्विच पासवर्ड न मागता उघडतो. मग फाइलला मूळ नाव परत देऊन ती चालू कॉन्फिगरेशनमध्ये उतरवायची, नवा पासवर्ड घालायचा आणि जतन करायचे. यात एक धोका आहे. स्विचवर पासवर्ड पुनर्प्राप्तीची सोयच कोणी बंद करून ठेवली असेल, तर जुने कॉन्फिगरेशन पुसूनच आत जाता येते. त्यामुळे अशा स्विचच्या पोर्टांची (केबल जिथे लागते त्या खोबणींची) नोंद बाहेरून, केबली पाहून, आधीच केलेली बरी.

यानंतरचे काही आठवडे मी एकही पोर्ट बदलला नाही. फक्त वाचत होते, आणि माझ्या मते या साऱ्या कामाचा मोठा हिस्सा हाच आहे. 'शो' ने सुरू होणाऱ्या कमांड काही बदलत नाहीत, त्यामुळे त्या निर्धास्तपणे चालवता येतात. 'टर्मिनल लेंथ ०' दिले की मजकूर पानापानाला थांबत नाही. टर्मिनलमध्ये सत्राची नोंद चालू ठेवायची आणि एकापाठोपाठ 'शो रनिंग-कॉन्फिग', 'शो व्हीलॅन ब्रीफ', 'शो इंटरफेसेस स्टेटस', 'शो इंटरफेसेस ट्रंक', 'शो मॅक ॲड्रेस-टेबल', 'शो सीडीपी नेबर्स डिटेल' आणि 'शो स्पॅनिंग-ट्री रूट' यांचे उत्तर फाइलमध्ये साठवायचे. आमच्या पोर्टांवर वर्णने जवळजवळ नव्हतीच, म्हणून कोणत्या पोर्टमागे काय आहे हे मॅक पत्त्यांवरून, म्हणजे उपकरणांना कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकांवरून, ओळखावे लागले. येथे एक बारकावा आहे. मॅक पत्त्याची नोंद ३०० सेकंद त्या उपकरणाकडून काही आले नाही तर गळून पडते, हा ठरलेला अवधी आहे. त्यामुळे स्वस्थ बसलेला प्रिंटर किंवा दाराशी लावलेला कार्ड वाचक यादीत दिसतच नाही. सकाळी, दुपारी आणि रात्री वेगवेगळ्या वेळी यादी घेतल्यावर आणि सर्व पत्त्यांना पिंग (प्रतिसाद मागणारा छोटा संदेश) करून लगेच पुन्हा घेतल्यावर चित्र पुरे होत गेले. सीडीपी या सिस्कोच्या ओळख-संदेशांमुळे शेजारी जोडलेली सिस्कोची उपकरणे दिसतात. इतर कंपन्यांच्या उपकरणांसाठी एलएलडीपी हा त्याच कामाचा सर्वमान्य प्रोटोकॉल लागतो. तो आमच्या स्विचवर बंद होता, आणि 'एलएलडीपी रन' लिहिणे हासुद्धा बदलच असल्याने त्याचीही छोटी बदल-विनंती भरली.

या वाचनातून दोन गोष्टी बाहेर आल्या, ज्या कोणत्याही नकाशावर नव्हत्या. पहिली म्हणजे एका स्विचवर चालू कॉन्फिगरेशन आणि जतन केलेले कॉन्फिगरेशन यांत बराच फरक होता. कधीतरी तातडीने केलेले बदल जतन झाले नव्हते आणि स्विच बंद न पडल्यामुळे ते तसेच चालत आले होते. एकदा वीज गेली असती तर एक संपूर्ण मजला नेटवर्कबाहेर गेला असता. दुसरी गोष्ट अशी की साऱ्या नेटवर्कचा स्पॅनिंग ट्रीचा (वाहतूक वर्तुळात फिरत राहू नये म्हणून जादा मार्ग बंद ठेवणाऱ्या पद्धतीचा) रूट, म्हणजे जिथून सारे मार्ग मोजले जातात ते केंद्र, एका कोपऱ्यातल्या कपाटातील सर्वांत जुना स्विच होता. हे कोणी ठरवलेले नसते. प्रत्येक स्विचची प्राथमिकता (आकडा लहान तो पुढे) मुळात ३२७६८ असते, ती समान असली की ज्याचा मॅक पत्ता लहान तो रूट होतो, आणि जुन्या यंत्रांचे पत्ते बहुधा लहान असतात. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत निवड आपोआप होते, हे तिचे सामर्थ्य आहे. पण कोण निवडून यावे हे आपण सांगितले नाही तर ती आपल्याला विचारत बसत नाही. मध्यवर्ती स्विचला ४०९६ ही प्राथमिकता देण्याचे तेव्हाच ठरले. हा आकडा ४०९६ च्या पटीतच द्यावा लागतो.

ऑगस्टमध्ये नवे स्विच आले आणि ते नेटवर्कला न जोडता टेबलावर मांडून सराव सुरू झाला. सुरुवातीला स्विच स्वतःहून प्रश्नोत्तरांच्या रूपात कॉन्फिगरेशन करायचे का असे विचारतो; तेथे नकार द्यावा. त्यानंतर ज्यावर सतत नजर ठेवायची ती गोष्ट म्हणजे प्रॉम्प्ट. साध्या वापरकर्त्याला वेगळे चिन्ह, 'इनेबल' नंतर वेगळे, 'कॉन्फिगर टर्मिनल' नंतर कंसात 'कॉन्फिग', आणि एखाद्या इंटरफेसमध्ये शिरल्यावर 'कॉन्फिग-इफ' असे ते बदलत जाते. मात्र आपण नेमक्या कोणत्या इंटरफेसमध्ये आहोत हे प्रॉम्प्ट सांगत नाही, आणि एंटर दाबताक्षणी कमांड लागू होते. ज्युनिपरच्या स्विचवर सर्व बदल आधी लिहून शेवटी 'कमिट' करायचे असतात, शिवाय 'कमिट कन्फर्म्ड' म्हटले तर दहा मिनिटांत दुजोरा न दिल्यास बदल आपोआप मागे जातात. ती पद्धत मला अधिक माणुसकीची वाटते. आयओएसवर ही सावधगिरी आपण बाळगायची.

सरावातल्या काही बाबी लगेच उपयोगी पडणाऱ्या आहेत. कुठेही अडल्यास प्रश्नचिन्ह दाबले की पुढे काय लिहिता येते त्याची यादी मिळते आणि टॅबने शब्द पुरा होतो. चुकीचा शब्द टाइप झाल्यास स्विच त्याला एखाद्या यंत्राचे नाव समजून डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) शोधत बसतो. 'नो आयपी डोमेन-लुकअप' लिहिले की हा खोळंबा टळतो. 'लॉगिंग सिंक्रोनस' मुळे टाइप करताना मध्येच येणारे संदेश ओळ तोडत नाहीत. स्विचचे घड्याळ एनटीपीला, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला, जोडणे मी अगदी वरच्या क्रमावर ठेवीन, कारण बॅटरीवरचे घड्याळ नसलेले अनेक कॅटॅलिस्ट सुरू होताना १ मार्च १९९३ या तारखेपासून मोजू लागतात आणि मग बिघाड केव्हा झाला हे नोंदींवरून सांगता येत नाही. दूरवरून शिरण्यासाठी सारे उघड्या मजकुरात पाठवणारे टेलनेट बंद करून फक्त सांकेतिक रूपात पाठवणारे एसएसएच ठेवले. त्यासाठी आधी स्विचचे नाव आणि डोमेनचे नाव द्यावे लागते, मग २०४८ बिटांची आरएसए (सांकेतिकरणाची) किल्ली तयार करावी लागते आणि व्हीटीवाय ओळींवर (दूरवरून येणाऱ्या सत्रांसाठीच्या जागांवर) 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच' लिहावे लागते. पासवर्ड ठेवण्याच्या कमांडमध्ये 'सीक्रेट' हाच शब्द वापरावा. 'सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन' ने होणारे सातव्या प्रकारचे रूपांतर सहज उलगडता येते, ते केवळ खांद्यावरून डोकावणाऱ्यापुरते आहे.

कॉन्फिगरेशन मी थेट स्विचवर न लिहिता आधी फाइलमध्ये तयार केले. तक्त्यात प्रत्येक पोर्टची एक ओळ होती : स्विच, इंटरफेस, भिंतीवरील सॉकेटचा क्रमांक, व्हीलॅन, वर्णन. गिगाबिट १/०/१४ यांसारख्या नावातला पहिला आकडा स्टॅकमधील (एकत्र जोडून एका यंत्रासारख्या चालणाऱ्या संचातील) स्विचचा, दुसरा मॉड्यूलचा आणि तिसरा पोर्टचा असतो. साध्या पोर्टचा साचा ठरून गेला : 'डिस्क्रिप्शन', 'स्विचपोर्ट मोड ॲक्सेस', 'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०', 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट' आणि 'स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड इनेबल'. शेवटच्या ओळीमुळे पोर्टवर स्पॅनिंग ट्रीचा संदेश (बीपीडीयू) आला की तो पोर्ट बंद होतो. पोर्टफास्ट नसेल तर मूळ स्पॅनिंग ट्रीमध्ये पोर्ट लिसनिंग आणि लर्निंग या दोन अवस्थांत प्रत्येकी १५ सेकंद घालवतो, आणि तेवढ्यात संगणकाची डीएचसीपीची (नेटवर्कवरचा पत्ता मागण्याची) विनंती वाया जाऊ शकते. न वापरलेले सर्व पोर्ट 'शटडाउन' करून एका रिकाम्या व्हीलॅनमध्ये टाकले. एकसारख्या पोर्टांना 'इंटरफेस रेंज' मुळे एकदाच लिहून भागते. मोठी फाइल कन्सोलवर एकदम चिकटवू नये : ९६०० बॉडला सेकंदाला सुमारे ९६० अक्षरेच जातात आणि मधली अक्षरे गळू शकतात. टर्मिनलमध्ये दोन ओळींदरम्यान थोडे अंतर ठेवण्याची सोय असते, ती वापरावी आणि शेवटी फाइलशी ताडून पाहावे.

ट्रंकविषयी, म्हणजे अनेक व्हीलॅन एकाच केबलवरून नेणाऱ्या जोडणीविषयी, थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. ८०२.१क्यू मानकाप्रमाणे नेटिव्ह, म्हणजे बिनखुणेने जाणाऱ्या, व्हीलॅनच्या फ्रेम (माहितीचे तुकडे) सोडून प्रत्येक फ्रेममध्ये चार बाइटची खूण घातली जाते, तिच्यातील १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी असतात आणि त्यामुळे १ ते ४०९४ एवढे क्रमांक वापरता येतात. ट्रंकवर कोणते व्हीलॅन जाऊ द्यायचे ते 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन' ने ठरते. चालू ट्रंकवर एखादा नवा व्हीलॅन वाढवायचा असेल तर या कमांडमध्ये 'ॲड' हा शब्द असलाच पाहिजे. तो नसेल तर जुनी यादी पुसली जाऊन फक्त नवा क्रमांक उरतो, आणि ज्या व्हीलॅनवरून आपण स्विचमध्ये शिरलो आहोत तोच गेला तर आपलीच दोरी कापली जाते. माझ्या फाइलमध्ये या ओळींना मी वेगळा रंग दिला होता आणि सहकाऱ्याने त्या स्वतंत्रपणे तपासल्या. ट्रंकच्या दोन्ही टोकांना नेटिव्ह व्हीलॅन एकच आहे ना, हेही त्याच वेळी पाहिले. शिवाय सर्व स्विच व्हीटीपीच्या (व्हीलॅनची यादी स्विचांमध्ये आपोआप वाटणाऱ्या सोयीच्या) 'ट्रान्सपरंट' अवस्थेत ठेवले, कारण एरवी त्याच डोमेनचा पण अधिक मोठा रिव्हिजन क्रमांक असलेला एखादा जुना स्विच जोडला गेला तर त्याची व्हीलॅनची यादी साऱ्या नेटवर्कवर पसरू शकते.

मुख्य बदलासाठी सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारची रात्र मिळाली, दहा ते पहाटे चारपर्यंत. माघारीची वेळ दीड वाजता लिहिलेली होती. दूरच्या मजल्यांवरील ज्या स्विचपर्यंत मला चालत जावे लागले असते तेथे बदलापूर्वी 'रीलोड इन १५' दिले : पंधरा मिनिटांत मी 'रीलोड कॅन्सल' म्हटले नाही तर स्विच जतन केलेल्या जुन्या कॉन्फिगरेशनवर परत सुरू होतो. ही कमांड देताना बदल जतन करायचे का असे विचारले जाऊ शकते. तेथे होय म्हटले तर परतीचा मार्गच उरत नाही. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. व्हीटीपी सर्व्हर अवस्थेतील स्विचवर व्हीलॅनची यादी फ्लॅशमधील वेगळ्या फाइलमध्ये लगेच लिहिली जाते, त्यामुळे पुसलेला व्हीलॅन रीलोडने परत येत नाही.

मजल्यांवरचे स्विच अपेक्षेपेक्षा लवकर झाले. दोन केबलींची मिळून एक जोडणी करणारा एलएसीपी गट दोन्ही टोकांना 'ॲक्टिव्ह' ठेवल्याने एकदाच जुळला. रात्र अडली ती इंटरनेट सेवा देणाऱ्यांच्या उपकरणाशी जोडलेल्या पोर्टवर. पोर्ट चालू होता, पिंग जात होते, पण मोठी फाइल उतरवायला घेतली की वेग रांगू लागे. 'शो इंटरफेसेस' मध्ये पोर्ट १०० मेगाबिट, हाफ-डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने वाहतूक) दाखवत होता आणि लेट कोलिजनचा, म्हणजे उशिरा झालेल्या टकरींचा, आकडा चढत होता. असा आकडा चढताना दिसला तर दुसऱ्या टोकाला बहुधा ऑटो-निगोशिएशन (वेग आणि डुप्लेक्स दोन्ही टोकांनी आपसांत ठरवणे) बंद असते. त्या टोकाला वेग आणि डुप्लेक्स ठरावीक करून ठेवलेले असतील तर आपला ऑटोवरचा पोर्ट विद्युत-संकेतावरून वेग ओळखतो, मात्र डुप्लेक्स ओळखू शकत नाही आणि नियमाप्रमाणे हाफवर जातो. एक टोक फुल (एकाच वेळी दोन्ही दिशांनी) आणि एक हाफ असे झाले की हलक्या वाहतुकीत काही जाणवत नाही, भार वाढला की सारे कोसळते. त्यांच्या मदत-क्रमांकावर बराच वेळ थांबल्यावर दुसऱ्या टोकाला १०० फुल असल्याचा दुजोरा मिळाला, आम्हीही तेच लिहिले आणि आकडा जागच्या जागी थांबला. तोवर एक वाजून गेला होता. तोपर्यंतचे सर्व तपासून झाल्यावरच 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' केले. तेथवरची धाकधूक शब्दांत सांगण्याजोगी नाही, पण यादीतल्या चाचण्यांवर एकेक खूण करत गेल्याने हात थरथरले नाहीत.

सोमवारी सकाळी तक्रारी आल्याच. काही प्रिंटरांवर जुने स्थिर पत्ते हाताने घातलेले होते, ते बदलले. एका विभागातील एक पोर्ट मात्र आपोआप बंद झाला होता. 'शो इंटरफेसेस स्टेटस एर-डिसेबल्ड' मध्ये कारण लिहिलेले होते : बीपीडीयू गार्ड. टेबलाखालच्या एका छोट्या स्विचच्या दोन केबली भिंतीवरच्या दोन सॉकेटांत घातलेल्या होत्या, म्हणजे आमच्याच स्विचचा संदेश फिरून आमच्याच स्विचकडे येत होता. जुन्या नेटवर्कमध्ये हे खपून जात असावे. केबल काढून पोर्टवर 'शटडाउन' आणि 'नो शटडाउन' केल्यावर तो सुरू झाला. असे पोर्ट ठरावीक वेळाने आपोआप सुरू करण्याची सोय आहे आणि तिचा मूळ अवधी ३०० सेकंद असतो. मी ती चालू केली नाही, कारण मग कारण तसेच राहते आणि पोर्ट दर पाच मिनिटांनी चालू-बंद होत राहतो.

यानंतर निरीक्षणाचा काळ होता. 'क्लिअर काउंटर्स' करून दर दोन दिवसांनी सीआरसीचे (वाटेत बिघडलेल्या फ्रेमचे) आकडे पाहिले. ज्या मोजक्या पोर्टांवर ते वाढत होते तेथे पॅच केबल बदलल्यावर वाढ थांबली. समितीला बदल-विनंतीची नोंद बंद करण्यासाठी बदलापूर्वीच्या आणि नंतरच्या कॉन्फिगरेशनमधील फरक, चाचण्यांची सही केलेली यादी, अद्ययावत पोर्ट तक्ता आणि बॅकअप कुठे ठेवला आहे याची माहिती हवी होती. हे सर्व आधीपासून एकाच फोल्डरमध्ये साठवत गेले असल्याने ते एका दुपारीच देता आले. तरीही नोंद आणखी आठवडाभर उघडी राहिली ती जुन्या स्विचमुळे. मालमत्तेच्या यादीतून यंत्र वगळण्यापूर्वी त्यातील माहिती पुसल्याचा दाखला लागतो, आणि जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये पासवर्ड, एसएनएमपीचे (दूरवरून देखरेख करण्याच्या सोयीचे) परवलीचे शब्द व पत्ते असतात. प्रत्येक जुना स्विच पुन्हा कन्सोलला जोडून 'राइट इरेज' केले, फ्लॅशमधील 'व्हीलॅन.डॅट' ही फाइल वेगळी पुसली, कारण पहिल्या कमांडने ती जात नाही, आणि पुन्हा सुरू केल्यावर प्रश्नोत्तरांचा तोच प्रारंभिक संदेश दिसत असल्याचे छायाचित्र दाखल्याला जोडले. तो मिळाल्यावर समितीने पुढच्या बैठकीत नोंद बंद केली.